बरणीवरची तारीख

३ एप्रिल

ह्यांची वही पाण्याची होती. आज पाणी किती अंश, कोणी किती खाल्लं, कोण रुसून तळाशी बसलं. बारा वर्षांत माझ्याबद्दल एक ओळ नाही. तक्रार नाही, कारण स्वतःबद्दलही नाही. हे जाऊन सव्वा वर्ष झालं. ती वही अर्धी कोरी आहे, पण तिच्यात लिहायला हात होत नाही, म्हणून ही वेगळी.

वही उघडायचं निमित्त म्हणजे आज आलेलं पत्र. शहरातल्या मोठ्या बागेत नवा तलाव बांधून झाला आहे. त्यात सोडायला सप्टेंबरात वीस कोई मासे हवेत आणि ते आमच्याकडचे हवेत. ह्यांनी यासाठी सहा वर्षं अर्ज केले. म्हणायचे, "आपले मासे आपणच बघतो. येणाऱ्या-जाणाऱ्या चार माणसांनी थांबून बघायला हवेत." पत्र त्यांच्याच नावाने आलं आहे.

आमच्याकडे चार हौद. पहिल्यात म्हातारी मादी, तिला आम्ही आजी म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्यात तिची गेल्या वर्षीची पिल्लं, शेवटची, आता वीतभर झालेली. निवडून ठेवलेले पस्तीस. चौथ्यात बारा रद्दी. रंग विस्कटलेले, ठिपके भलत्या जागी, कोणाला द्यायची लाज वाटावी असे. पस्तिसांतली एक पांढरीशुभ्र आहे, डोक्यावर मधोमध लाल गोल. तिचं नाव टिकली. तलावात पहिली ती सोडायची, हे मी पत्र वाचतानाच ठरवलं.

बारक्याला पत्र दाखवलं. तो दोनदा वाचून म्हणाला, "दादा असता तर आज आनंदाच्या भरात चहात मीठ घातलं असतं त्याने."

बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा सहा वर्षांचा होता, आता छत्तीस. सासूबाई लवकर गेल्या. त्याचं नाक पुसण्यापासून प्रगतिपुस्तकावर सही करण्यापर्यंत सगळं मी केलं. वरच्या खोलीत राहतो, लग्न केलेलं नाही, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वायरमन आहे. दोन्ही वेळा जेवायला खाली येतो.

६ एप्रिल

रोज सकाळी एक सोपस्कार असतो. त्या दिवसापुरतं खाद्य परातीत काढायचं, व्हिटॅमिन सीची चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून त्यावर फवारायची, वीस मिनिटं मुरू द्यायची, मग तेलाचा हात फिरवायचा. खाद्य आम्ही घरीच करतो, त्यात बाकी सगळं असतं, हे एक तेवढं वरून. आधी हे करायचे, आता बारक्या करतो. पण त्याची पाळी बदलली की सगळं लांबतं. आज साडेनऊला खाद्य पडलं. तोवर मासे पाण्याबाहेर तोंडं काढून, बंद तिकीटखिडकीसमोर रांग लावावी तसे.

मी चोवीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. तिथे रोज सकाळी एकेका गिऱ्हाइकाची गोळी कुटत बसलो असतो तर दुकान केव्हाच बंद झालं असतं. ह्यांना सकाळी हात ओले करायला काहीतरी निमित्त लागायचं, दुसरं काही नाही.

आज सप्टेंबरपर्यंतचं सगळं खाद्य एकदम मिसळून टाकलं. तीन मोठे डबे. पंपाच्या खोलीत फळीवर ठेवले. तिथे मोटारींची ऊब असते, ओल शिरत नाही. दुकानातली सवय म्हणून प्रत्येकावर चिठ्ठी लावली. काय, किती, कधी मिसळलं आणि मुदत. मुदत बरणीवरून उतरवली: पुढच्या वर्षीचा डिसेंबर. सुटले.

९ एप्रिल

बागवाले साहेब मासे बघायला आले होते. बरोबर दोन माळी. टेलरकाकाही शेजारचं दुकान उघडं टाकून आले. साहेब मोठे हौशी, हौदाच्या काठावर मांडी घालून बसले. टिकली त्यांच्या बोटापाशी आली तेव्हा म्हणाले, "ही तर माझी झाली."

त्यांना सगळी व्यवस्था दाखवली. डबे, चिठ्ठ्या. ते म्हणाले, "अशी शिस्त आमच्या ऑफिसात पाहिजे." तेवढ्यात बारक्या मध्येच, "पण वहिनी, हे रोजच्या रोज घालायचं असतं. मिसळून ठेवलं की जातं ते. दादा म्हणायचा..."

म्हटलं, "बारक्या, चोवीस वर्षं औषधं विकली आहेत मी. तारीख वाचता येते मला. तू आपलं मोटारीचं बघ, नाहीतर आधी शर्टाची बटणं नीट लाव."

त्याचं एक बटण खरंच चुकलं होतं. सगळे हसले. टेलरकाका म्हणाले, "माझ्याकडे आण रे, फुकटात काजं बदलून देतो." तोही हसला. स्वभावाने चांगला आहे, मनात काही ठेवत नाही.

लहानपणापासून मी त्याला एक शिस्त लावली होती. सांगायचं ते एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगितलं की त्याची कटकट होते.

१२ एप्रिल

बारक्या जेवताना म्हणाला, "चौथा हौद मला द्या. त्यांचं सगळं मी बघतो."

"रद्दीचं काय करणार आहेस?"

"बघतो."

म्हटलं घे, रद्दी तुझी. तेवढंच माझं काम कमी. त्याला लहानपणीही मोडकी खेळणीच आवडायची.

२ मे

सगळं सुरळीत. सकाळी डबा उघडायचा, मापाने टाकायचं, सात मिनिटांत काम. अर्धा तास जास्त झोपते. इतकी वर्षं ह्यांनी मला हे का सुचू दिलं नाही कोण जाणे. रंग सुंदर उतरलेत, टिकलीचा गोल शिक्का मारल्यासारखा.

इस्त्रीची पाण्याची बाटली सापडत नाही.

१९ मे

टेलरकाकांनी विचारलं, "तुमच्या दिराने झाडं कसली लावली आहेत?"

"झाडं कुठली?"

"रोज सकाळी सहाला मागच्या पायरीवर बसून फवारत असतो की."

बारक्याकडे एकही कुंडी नाही. गच्चीवर ठेवली असतील. माणूस एकटा राहिला की असलं काहीतरी सुरू करतो. बरं आहे, जीव रमतोय.

बरणीतली पूडही कमी वाटते. मीच एप्रिलमध्ये मापाला चुकले असेन.

१० जून

तिसऱ्या हौदातल्या एकाला तीन आठवड्यांपूर्वी जाळीने खरचटलं होतं. जखम अजून लालच आहे, कडा धरत नाहीत. मिठाचं पाणी दिलं, औषध लावलं.

बारक्याला दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. म्हणाला, "चौथ्यातलाही एक उडी मारून बाहेर पडला होता. तेव्हाच. खवले निघाले होते."

"मग?"

"दहा दिवसांत भरलं."

रद्दी चिवट असते, लाडाची नाजूक. माणसांतही तसंच आहे.

तो अजून काही बोलेल असं वाटलं, पण कुकरची शिट्टी झाली आणि मी आत आले.

१४ जून

बारक्या सुट्टीच्या दिवशी बागेत गेला. तलावाची मोटार आवाज करते म्हणून साहेबांनी बोलावलं होतं. सकाळी गेला तो तीनला आला. जेवणार का विचारलं, तर "तिकडेच झालं" म्हणाला. बरं झालं, साहेबांशी ओळख वाढते आहे. आपल्या घरचा माणूस तिथे जाऊन-येऊन असला म्हणजे मासेही परके होणार नाहीत.

४ जुलै

आज जे दिसलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. टिकली वाकडी पोहते आहे.

आधी वाटलं उजेडाचा भास. मग तिला परातीत घेतलं. शेपटीच्या वर, पाठीत, चक्क बाक आला आहे. तार दुमडावी तसा. दुसऱ्या हौदात अजून तीन. तिसऱ्यात पाच, कदाचित सहा.

आठ वाजता बारक्या दारात येऊन उभा राहिला. अंघोळ झालेली, हातात माझी इस्त्रीची बाटली. म्हणाला, "वहिनी, जरा बसा. बोलायचंय."

मी बसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. माशांची पाठ वाकायचं एक कारण मला ठाऊक आहे, ह्यांनीच सांगितलं होतं. पाण्यात वीज उतरली तर अंगाला झटका बसून कणा मोडतो. वायरिंग सगळं बारक्याचं. मी म्हटलं, "बोलायचं काय ठेवलंयस? तुझी वायर गळते कुठेतरी. माझे मासे मारलेस तू."

त्याने मग बाटली कट्ट्यावर ठेवली, मीटर आणला, आणि दुपारपर्यंत चारही हौदांत तारा सोडून बसला. कामावर गेला नाही. काट्याने हालचाल केली नाही.

"सगळं ठीक आहे," म्हणाला.

"तुझा मीटर ठीक आहे का?"

तो मीटर गुंडाळून आत गेला. बाटली परत घेऊन गेला. निदान विचारून तरी न्यायची.

१२ जुलै

मी सांगितलं म्हणून बारक्याने सगळं वायरिंग नव्याने केलं. दोन सुट्ट्या गेल्या त्याच्या. पाणी तीन ठिकाणी तपासून आणलं, उत्तम आहे. पंप विकणाऱ्याशी भांडले. टेलरकाकांच्या पोटमाळ्यावरून काही सांडतं का, तेही बघून आले, ते म्हणाले, "वहिनी, माझ्याकडून सांडलीच तर सुई सांडेल."

बाक आलेले आता अकरा. चौथ्या हौदात एकही नाही. वायरिंग करताना त्याने चौथ्याचं आधीच नीट केलं असेल, स्वतःचं म्हणून. असा संशय मनात येतो आणि स्वतःचीच लाज वाटते.

संध्याकाळी तो हात पुसत म्हणाला, "पाणी बघितलं, वायर बघितली, पंप बघितला. अजून काही बघायचं राहिलंय का, वहिनी?"

बिचारा. सांगेल ते करतो. म्हटलं, "नाही रे. आता नशीब."

३० जुलै

सतरा.

११ ऑगस्ट

शेवटी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तीन गावं पलीकडून आल्या. तरुण आहेत, पायात गमबूट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. टिकलीला हातात घेऊन त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सी कसं देता?"

डबे दाखवले. त्यांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"ही मुदत कशाची?"

"व्हिटॅमिनची. बरणीवर आहे तीच."

"बाई, ती बंद बरणीची आहे. पूड खाद्यात मिसळली, हवा लागली, वर ही ऊब, की ते आठवड्यांत संपतं. एप्रिलचं ना हे? जूनपासून तुम्ही त्यांना नुसतं पीठ घालताय."

मी म्हटलं, तसं कसं, नीट झाकण लावलंय. त्या म्हणाल्या, आयोडीन आहे का घरात? माझ्या घरात नसेल तर कुणाच्या असेल. त्यांनी डब्यातल्या चार गोळ्या पाण्यात चुरल्या, वरचं पाणी वाटीत घेतलं आणि त्यात आयोडीनचा थेंब टाकला. पाणी शाईसारखं काळंनिळं झालं. "सी असतं तर आयोडीनचा रंगच खाऊन टाकलं असतं. नाही म्हणून पिठाने रंग धरला. सी नसलं की जखमा भरत नाहीत आणि वाढत्या पिल्लांचा कणा वाकतो. आजीला काही झालं नाही, कारण तिची वाढ कधीच संपली."

मग चौथ्या हौदापाशी थांबल्या. "ह्यांना काय घालता?"

"हेच. ह्याच डब्यातलं."

"शक्य नाही," त्या म्हणाल्या.

मागच्या पायरीवर बारक्याचा छोटा डबा होता, सकाळचं उरलेलं. त्यांनी तेच केलं. वाटी, पाणी, थेंब. थेंब पडला, क्षणभर तपकिरी धागा दिसला आणि विरून गेला. पाणी स्वच्छ. दुसरा थेंब. स्वच्छ.

पायरीवर इस्त्रीची बाटली होती, आणि तिच्याखाली माझ्या बरणीतली पूड, कागदाच्या पुडीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात एकाला तरी माहीत होतं म्हणायचं." त्यांना काय कल्पना. निघताना सांगून गेल्या, रोजच्या रोज फवारा, गार पाण्यात कालवा, उरलेले वाचतील. वाकलेले जगतील, पण सरळ होणार नाहीत.

१२ ऑगस्ट

काल बारक्या संध्याकाळी सहाला आला. मी त्या दोन वाट्या कट्ट्यावर तशाच ठेवल्या होत्या. त्याने बघितल्या आणि बूट न काढताच बसला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"एप्रिलपासून."

"सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"साहेब आले होते त्या दिवशी. तुम्ही माझी बटणं दाखवलीत सगळ्यांना."

मला ते आठवत नव्हतं. मी म्हणाले, "एकदा कधीतरी बोलला असशील. परत सांगता येत नव्हतं?"

"दुसऱ्यांदा सांगितलं की ती कटकट. तुमचंच वाक्य आहे."

"अरे, मी ते अभ्यासाबद्दल म्हणायचे."

"मला काय माहीत कशाबद्दल. सहा वर्षांचा होतो."

मी विचारलं, टिकली वाकली त्या दिवशी का नाही बोललास. तर म्हणाला, बोलायलाच आलो होतो, बाटली हातात घेऊन, म्हटलं दाखवूनच टाकावं. "तुम्ही म्हणालात, मासे मी मारले. मग मीटर लावून बसलो. दिवसभर डोक्यात एकच, बघू दे वहिनींनाच. किती दिवस लागतात बघू."

"अडतीस दिवस लागले. एकेक मासा वाकत होता आणि तू दोन वेळा माझ्यासमोर बसून जेवत होतास."

"जेवण जात नव्हतं," तो म्हणाला. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज सांगितलं तर विचाराल काल का नाही सांगितलं. आणि उद्या दोन दिवसांचं उत्तर द्यावं लागेल."

"रात्री येऊन नुसतं माझ्या डब्यांवर फवारलं असतंस तरी चाललं असतं. मला कळलंही नसतं."

"तेच तर," तो म्हणाला. "तुम्हाला कळलंही नसतं."

मी म्हटलं, परक्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन विसरले असते. तू माझ्या हातचं खाल्लेला. तो म्हणाला, "बारा वाचवलेत मी." जसे काही बारा माझ्याविरुद्ध वाचवायचे होते. मग वर गेला. जेवायला आला नाही. मी वाढलं होतं.

१३ ऑगस्ट

तो खोटं बोलतोय हे सिद्ध करायला ही वही मागे चाळली.

९ एप्रिल. माझं अक्षर. त्याने काय सांगितलं तेही आहे, मी काय म्हटलं तेही आहे, बटणही आहे. वाचताना अडले ते कशाने, तर "तोही हसला" ह्याने. मी ते लिहिलं होतं. म्हणजे बघितलं होतं.

मग ४ जुलै वाचलं. दारात, हातात बाटली. मला ती माझी बाटली आहे एवढंच दिसलं.

पान फाडावंसं वाटलं. औषधाच्या दुकानात रजिस्टरचं पान फाडलं तर नोकरी जाते. ठेवलं.

तरी माझं म्हणणं बदलत नाही. मी चुकले, मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. ह्या दोन गोष्टी एकाच तराजूत कोणी घालू नयेत.

२० ऑगस्ट

सहाला उठते. फवारते, वीस मिनिटं मागच्या पायरीवर बसते. तो आता त्याआधीच चौथ्या हौदाचं उरकून जातो. बाटली धुऊन, पालथी घालून ठेवलेली असते. एकच बाटली आहे, दोघांना वापरावी लागते. एवढाच आमचा संबंध.

नवा बाक आलेला नाही. पस्तिसांतले अठरा वाकडे, सतरा सरळ, पण त्या सतरांतही निम्मे पोहताना डळमळतात. तलावात सोडण्याजोगे फार तर आठ. टिकली खाते नीट. खाली वाकून, वळसा घालून दाण्यापाशी येते, आणि तरी इतरांच्या आधी पोचते.

ह्यांची वही काढून बघितली. "आज बारक्याने फवारलं. हात हलका आहे." असं चार-पाच ठिकाणी आहे. माझ्याबद्दल ओळ नाही आणि त्याच्याबद्दल आहे, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

७ सप्टेंबर

बागवाल्यांना कळवायला हवं होतं की वीस होणार नाहीत. चार वेळा फोन हातात घेतला. मग ठरवलं, आठ माझे आणि बारा रद्दी. बरोबर वीस. रंग नाही, पण पाठी सरळ. आणि साहेब आले की सगळ्यांसमोर सांगायचं, हे माझ्या दिराने वाढवले. माळी असतील, टेलरकाका असतील. जिथे हसले तिथेच सांगायचं. त्याने केलं ते मी विसरणार नाही, पण मी केलेलंही राहायला नको.

वाक्य मनात तयार ठेवलं आहे: "साहेब, ह्यांना बारक्याने वाचवलं. मी त्याचं ऐकलं नव्हतं." एवढंच, जास्त नाही.

२१ सप्टेंबर

साहेब आले. माळी, पिंप, हवेच्या नळ्या, सगळा सरंजाम. टेलरकाका होतेच. बारक्या मोटारीपाशी उभा होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

मी तोंड उघडणार तोच साहेब सरळ चौथ्या हौदाशी गेले. "हेच ना ते?" म्हणाले आणि बारक्याकडे वळले. "तुम्ही जूनमध्ये म्हणालात ते खरं निघालं हो. बाकीच्यांचं काही खरं नाही म्हणाला होतात. चौथ्यातलेच धरून चला म्हणालात, म्हणून मी काळजीच सोडली."

जूनमध्ये. टिकली वाकली जुलैत.

म्हणजे ज्या दिवशी तो बागेतून तीनला आला आणि "तिकडेच झालं" म्हणाला, तोवर ह्या घराबाहेरच्या माणसाला सांगून झालं होतं. मी तेव्हा इथे बसून मिठाचं पाणी करत होते. तेव्हा सांगितलं असतं तर सगळे पस्तीस सरळ असते. रागाचं म्हणावं तर राग जुलैतला होता. मासे तू मारलेस असं मी जूनमध्ये कुठे म्हटलं होतं?

मी त्याच्याकडे बघितलं. तो मोटारीकडे बघत होता.

साहेबांना कसलीच कल्पना नव्हती. ते हसत म्हणाले, "वहिनी, असा दीर घरात असताना तुम्हाला काय चिंता."

माझं तयार वाक्य तोंडात होतं. टेलरकाका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हे बाराही त्यानेच वाढवले." तेवढंच बोलले. दुसरा अर्धा भाग, मी त्याचं ऐकलं नव्हतं हा, आला नाही. गिळला.

वीस मासे गेले. टिकलीकडे बघून साहेब म्हणाले, "ही तर माझी होती ना?" मी म्हटलं, "आता ती कुणालाच द्यायची नाही."

पिंपं गाडीत चढवताना बारक्या जवळ आला आणि म्हणाला, "बागेत नोकरी देतायत. तलावाची. तिथेच खोली आहे. परवा जातोय."

"हेही जूनमध्येच ठरलं?"

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "तुम्ही दोन वाट्या ठेवल्या होत्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

२३ सप्टेंबर

सकाळी सहाला परात काढली. उरलेल्या अठ्ठावीसांपुरतं खाद्य मोजलं. पावसाचा गारठा होता, बोटं आखडली होती. म्हणून चहासाठी तापवलेल्या पातेल्यातलं थोडं पाणी बाटलीत घेतलं, पूड टाकली, हलवलं. मुद्दाम केलं नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग बॅग टेकल्याचा आवाज. मी मान वर केली नाही. तो मागच्या दारात उभा होता. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला थांबायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ उभा होता. मी बाटलीचा खटका दाबायला बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"वहिनी," तो म्हणाला. "गार पाणी."

मी बाटली मोरीत उपडी केली. नळ सोडला, पाणी गार होईपर्यंत वाहू दिलं, बाटली भरली, नवी चिमूट टाकली.

वळले तेव्हा दारात कोणी नव्हतं. फाटकाची कडी वाजली. खाद्य मुरायला वीस मिनिटं लागतात. मी पायरीवर बसून राहिले.